अकरा महिन्यांचे सर

फाइन आर्ट्सचा, म्हणजे आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाशाळेचा, विषय निघाला की बडोद्यातल्या मराठी माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "महाराज असते तर हे झालंच नसतं." दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. 2007 साली विद्यार्थ्याच्या कामावरून वाद होऊन पोलीस फॅकल्टीच्या पुष्पबागेच्या आवारात आले तेव्हा हे ऐकलं, 2022 मध्ये तसाच वाद झाला तेव्हा पुन्हा तेच ऐकलं. सयाजीराव महाराजांबद्दलच्या आदरात मी कोणाला हार जाणार नाही, आमच्याकडे त्यांची तसबीर आजही बैठकीच्या खोलीत आहे. पण हे वाक्य म्हणजे सरळ पळवाट आहे. ते एकदा म्हटलं की पुढे काही करायला उरत नाही, कारण महाराज काही परत येणार नाहीत.

महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जरांसारख्या जाणकाराच्या हाती दिलं. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. रविवर्म्याची चित्रं राजवाड्यात आली, नंदलाल बोसांनी कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या. सगळं खरं. मात्र या सगळ्यात निवड शेवटी एका माणसाची होती. राजा जाणता होता म्हणून आलेली माणसंही जाणती निघाली. राजा तसा नसता तर काय, याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. आणि आज आपण ज्याचं नाव सांगून मिरवतो, ती फाइन आर्ट्स फॅकल्टी महाराजांनी काढलेलीच नाही. महाराज 1939 मध्ये गेले. विद्यापीठ 1949 मध्ये झालं आणि फॅकल्टी 1950 मध्ये. तिला जे यश मिळालं ते एका संस्थेचं, तिच्या नेमणुकांचं आणि कारभाराचं यश होतं. म्हणून 'महाराज असते तर' हा प्रश्न सोडून 1950 साली नेमकं काय केलं होतं आणि आज काय करतो आहोत, हे विचारलं पाहिजे.

1950 साली कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. फॅकल्टीचे पहिले डीन मार्कंड भट्ट. चित्रकला विभागाला आणलं नारायण श्रीधर बेंद्रे यांना, शिल्पकलेला शंखो चौधुरींना. पुढच्याच वर्षी के. जी. सुब्रमण्यन आले. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. त्याच मास्तरांकडे हुसेन, डी. जे. जोशी आणि विष्णू चिंचाळकरही शिकले. (इंदूरकर मंडळी या मुद्द्यावर बडोद्याकडे जरा हक्काने बघतात आणि त्यांचं काही चुकत नाही.) शंखोबाबू शांतिनिकेतनचे. सुब्रमण्यन मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेले, सरकारी कॉलेजांची दारं बंद झाली तेव्हा शांतिनिकेतनला गेले. हे तिघे काही बडोद्याचे नव्हते. त्यांचं काम पाहून त्यांना बोलावलं गेलं.

आता बेंद्रे यांचा अर्ज आजच्या भरतीच्या पोर्टलवर भरून बघू. वय 40. मुंबईची कलेची पदविका आहे. काश्मीरमध्ये पर्यटन खात्यासाठी चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरी, काही काळ सिनेमाचं कलादिग्दर्शन, मग अमेरिकेचा दौरा आणि न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन. पुढचा रकाना: नेट किंवा सेट ही अध्यापकांची पात्रता परीक्षा? नाही. पीएचडी? नाही. मान्यताप्राप्त जर्नलमधले निबंध किती? शून्य. परिसंवादात वाचलेले पेपर? शून्य. पोर्टल इथेच लाल अक्षरात अर्ज अपूर्ण असल्याचं सांगेल आणि पुढचं पान उघडणार नाही.

यावर लगेच सांगितलं जाईल की तशी सोय नियमात आहे. आहे, मान्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत दृश्यकलेसाठी दुसरी वाट ठेवलेली आहे: पदवी असलेला आणि आपल्या क्षेत्रात ठळक काम केलेला कलावंत नेटशिवायही नेमता येतो. 2022 पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची आणखी एक खिडकी उघडली आहे, मंजूर जागांच्या 10 टक्क्यांपर्यंत, तीही जास्तीत जास्त चार वर्षांसाठी. अडचण दाराची नसून दारावर बसलेल्यांची आहे. निवड समितीला चित्र बघून गुण द्यायचे तर चित्र कळावं लागतं, आणि उद्या कोणी कोर्टात गेलं तर 'हे काम ठळक कसं' हे सिद्ध करावं लागतं. निबंधांची संख्या मोजली की हात झटकता येतात. त्यामुळे नियमात असलेली वाट कागदावर राहते आणि नेट झालेला, पण चार वर्षांत स्वतःची एकही प्लेट न छापलेला उमेदवार पुढे सरकतो. चित्रकार नसरीन मोहमदी 1972 पासून 1990 मध्ये जाईपर्यंत बडोद्यात शिकवत होत्या. त्यांच्या त्या पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेघा जर्नलच्या कोणत्या रकान्यात बसवायच्या ते मला कोणी दाखवून द्यावं.

पण माझं मुख्य म्हणणं हे नाही. नेट-पीएचडीवर चिडायला सगळ्यांना आवडतं, तो सोपा शत्रू आहे. चांगला माणूस कधीकधी नेटच्या वाटेनेही येतो. मला जास्त घातक वाटते ती दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण तिच्यात गुंतलेल्यांना बोलणं परवडत नाही. ती म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जागा मंजूर असते, पण कायम भरती निघत नाही. निघाली तर कोर्टात अडकते, नाहीतर मुलाखती होऊन निकाल लागत नाही. वर्ग मात्र भरवावेच लागतात. मग हंगामी शिक्षक घेतात, 11 महिन्यांसाठी. बाराव्या महिन्याची खाच मुद्दाम ठेवलेली असते, सलग नोकरीचा हक्क सांगता येऊ नये म्हणून. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. तीच खोली, तेच विद्यार्थी, तेच सर, कागदावर मात्र दरवर्षी नवा माणूस. बडोद्याचं विद्यापीठ याला अपवाद नाही आणि गुजरातही एकटा नाही, मुंबईत जे.जे.च्या रिकाम्या जागांबद्दल आणि कंत्राटी अध्यापकांबद्दल मराठी वर्तमानपत्रांत आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. आता 2023 मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पाटी बदलली, तिथले शिक्षक कायम होतात का ते बघू.

गंमत म्हणजे आयोगाच्या त्याच 2018 च्या नियमावलीत लिहिलं आहे की कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच घ्यावेत, एकूण जागांच्या 10 टक्क्यांहून जास्त असू नयेत आणि त्यांचा पगार कायम सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नसावा. म्हणजे नेटचा नियम दगडावरची रेघ आणि 10 टक्क्यांचा नियम वाळूवरची. उमेदवाराला जो बांधतो तो नियम पाळायचा आणि संस्थेला जो बांधतो तो विसरायचा, असा हा हिशेब आहे.

हंगामी शिक्षक वाईट शिकवतो असं कृपा करून कोणी समजू नये. उलट बहुतेक ठिकाणी तोच जास्त राबतो. त्याला नाही म्हणताच येत नाही: प्रवेश परीक्षेचं काम, नॅकच्या मूल्यांकनाची फाइल, मेळ्याचा मांडव, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं. पण कलाशिक्षणातल्या दोन गोष्टी 11 महिन्यांत होत नाहीत.

पहिली गोष्ट स्टुडिओतली. एचिंगचा, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून चित्र छापण्याचा, वर्ग डोळ्यासमोर आणा. झिंकची प्लेट, तिच्यावर ॲसिड लागू न देणारा ग्राउंडचा काळा थर, त्यावर सुईने ओढलेल्या रेघा. प्लेट नायट्रिक ॲसिडच्या ट्रेमध्ये सोडली की रेघांवर बारीक बुडबुडे जमायला लागतात. ते पिसाने अलगद सारले नाहीत तर रेघ तुटक खाल्ली जाते. प्लेट किती मिनिटं ठेवायची ते पुस्तकात असतं, पण बडोद्याच्या मे महिन्यात ॲसिड पुस्तकाची वाट बघत नाही, गरम हवेत ते भराभर चावतं. ट्रेचा रंग आणि बुडबुड्यांचा वेग बघून "काढ आता" म्हणणारा माणूस लागतो. लिथोचं, म्हणजे दगडावरून चित्र छापण्याचं, त्याहून कठीण. दगडावर दगड ठेवून, मध्ये कार्बोरंडम आणि पाणी घालून, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत दगड घासायचा. घाई केली तर आधीच्या विद्यार्थ्याच्या चित्राचं तेल दगडात राहतं आणि तुमच्या छापावर त्याचं भूत उमटतं. हे शिकवणारा अनेकदा प्राध्यापक नसतोच. तो स्टुडिओतला सहायक असतो, ज्याला सगळे काका म्हणतात, ज्याच्या नावापुढे पदवी नसते आणि संस्थेच्या माहितीपुस्तकात ज्याचं नावही नसतं. ओतकामाच्या भट्टीशी असेच एक काका, सिरॅमिक्सच्या भट्टीशी दुसरे. एक काका निवृत्त झाले आणि जागा 'गोठवली' की प्रेसवर ताडपत्री पडते. दोन वर्षांनी ती काढणारा कोणी नसतो, कारण चालवता कोणाला येत नाही. अध्यापकांच्या रिकाम्या जागांची निदान बातमी होते. यांची होत नाही. कलाशाळेच्या शिक्षकवर्गाबद्दल बोलताना माझ्या यादीत हे काका पहिल्या पानावर आहेत.

ज्योती भट्ट याच फॅकल्टीत बेंद्र्यांकडे शिकले आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच मुद्राचित्रण शिकवत राहिले. गुलाममोहम्मद शेख याच आवारात विद्यार्थी होते, 1960 पासून शिक्षक झाले. ही साखळी आपोआप तयार झाली नाही. माणूस दहा-वीस वर्षं एका जागी राहील ही खात्री असेल तेव्हाच तो तरुणांना हाताशी धरतो, स्टुडिओ उभा करतो, फाइन आर्ट्स फेअरसारखं काही सुरू करतो. 1961 मध्ये सुरू झालेल्या त्या मेळ्यात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी करत, ती विकत, खेळ करत. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो असल्या उद्योगात स्वतःच्या घरचा वेळ का घालेल?

याच साखळीचा एक दोषही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आपलेच विद्यार्थी आपण घ्यायचे, त्यांनी आपलेच पुढचे घ्यायचे, असं दोन पिढ्या चाललं की संस्था घरकोंबडी होते. बडोद्याबद्दल ही कुजबुज जुनी आहे. 1950-51 मध्ये इंदूरची, शांतिनिकेतनची, मद्रासला शिकलेली अशी बाहेरची माणसं आली होती हे विसरून चालणार नाही. पण हंगामी पद्धतीने हा रोग बरा होत नाही, बळावतो. अकरा महिन्यांसाठी तुटपुंज्या पगारावर जयपूरहून किंवा कोलकात्याहून बिऱ्हाड हलवून कोण येईल? ज्याचं घर गावातच आहे, किंवा जो नुकताच एमव्हीए (दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी) करून भाड्याच्या खोलीत राहतो आहे, तोच येणार. बाहेरची माणसं हवी असतील तर त्यांना कायम जागा द्यावी लागेल.

दुसरी गोष्ट ज्युरीतली आणि डिस्प्लेतली, म्हणजे विद्यार्थ्याचं काम मांडून तपासलं जातं तिथली, आणि माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे.

9 मे 2007. वार्षिक परीक्षेचा डिस्प्ले लागलेला. बाहेरचे लोक आत आले, धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली, एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला अटक झाली. तो डिस्प्ले परीक्षकांसाठी मांडलेला होता हे ध्यानात घ्या. गणिताच्या पेपरात कोणी बाहेरून शिरून उत्तरपत्रिका ओढून नेली असती तर आपण काय म्हटलं असतं? मग विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून भारतीय कलेतल्याच शृंगारशिल्पांची आणि चित्रांची छायाचित्रं मांडली. विद्यापीठाने ते प्रदर्शन बंद करायला सांगितलं. प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला. त्यांना निलंबित करण्यात आलं. त्या विद्यार्थ्याचा निकाल पुढे 11 वर्षं लटकत राहिला, आणि 2018 च्या फेब्रुवारीत त्याच माजी विद्यार्थ्याने कुलगुरूंच्या कार्यालयात आग लावली. आगीचं समर्थन होऊ शकत नाही. पण परीक्षेचा एक निकाल 11 वर्षं ज्या कारभारात अडकून राहतो, त्या कारभाराचं समर्थन करणारेही मला कुठे भेटले नाहीत. 2022 मध्ये पुन्हा परीक्षेच्या कामावरून वाद झाला, पुन्हा जमाव आला, आणि त्या वेळी विद्यार्थ्यालाच विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं.

इथे कोणी मला अडवेल: पणिक्कर तर कायम होते, तरी निलंबित झालेच की! कायम नोकरीने काय वाचवलं? योग्य प्रश्न आहे. कायम माणसाला निलंबित करायला आदेश काढावा लागतो, कारण लिहावं लागतं, चौकशी नेमावी लागते. त्याची बातमी होते, देशभरातले चित्रकार पत्रकं काढतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी माझ्यासारखी एखादी व्यक्ती तारखेसकट ते लिहू शकते. हंगामी शिक्षकाच्या बाबतीत यातलं काहीच करावं लागत नाही. जूनमध्ये ऑर्डर निघत नाही, एवढंच. चौकशी नाही, कारण नाही, कागद नाही. म्हणून पणिक्करांना नकार देता आला, आणि त्यांच्या जागी 11 महिन्यांचा माणूस असता तर त्याने नकार दिला असता का, असं विचारणंही त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्यात भर म्हणजे पणिक्कर स्वतः 'प्रभारी'च होते. आपल्याकडे डीन प्रभारी, विभागप्रमुख प्रभारी, रजिस्ट्रारही अनेकदा प्रभारी. ज्याच्या खुर्चीलाच मुदत नाही त्याच्याकडून आपण ठामपणाची अपेक्षा करतो.

हे कसं घडतं ते मी एका खासगी डिझाइन कॉलेजात जवळून पाहिलं आहे. मी तिथे व्हिजिटिंग म्हणून टायपोग्राफी शिकवत होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, अर्धं शहर पाण्यात गेलं, मगरी सोसायट्यांच्या दारात आल्या. त्यानंतरच्या वर्षअखेरीच्या डिस्प्लेत एका मुलीने पुरावर पोस्टरांची मालिका केली होती. एका पोस्टरवर मगर खुर्चीत बसून टेंडरवर सही करत होती. अक्षरांचं काम अप्रतिम होतं, सरकारी पाटीचा तो निळा-पांढरा ठोकळेबाज ठसा तिने बरोबर पकडला होता. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी संचालकांच्या केबिनमधून निरोप आला: तेवढं एक उतरवा. संचालक डिझाइनर नव्हते, बांधकाम व्यवसायातले होते. तिच्या विभागात पाच शिक्षक होते आणि पाचही जणांची करारपत्रं पुढच्या महिन्यात नवी व्हायची होती. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकावलं नाही. एक जण मुलीला म्हणाला, "बेटा, उगाच कशाला? मार्क तर आम्ही देणारच आहोत." त्याला दोन लहान मुलं होती आणि घराचा हप्ता होता. त्याला भित्रा म्हणायला मी तयार नाही. पोस्टर उतरलं. दुसऱ्या दिवशी त्या जागी झाडाची कुंडी ठेवलेली होती. ही बातमी होत नाही, एफआयआर होत नाही, कोणाला निलंबित करावं लागत नाही. पण अशा कुंड्या राज्यभर किती ठेवल्या गेल्या असतील याचा अंदाज करून बघा. पुढच्या वर्षी मुलं स्वतःच मगर काढत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की कलाशाळेतली कायम नोकरी ही शिक्षकाची चैन नाही, ते विद्यार्थ्याचं संरक्षण आहे. पगार, रजा, पेन्शन हे सगळं दुय्यम. उतरवायचा निरोप आला की "नाही, आधी परीक्षक बघतील" असं म्हणणारा एक तरी माणूस इमारतीत हवा, आणि ते म्हटल्याने त्याचं घर रस्त्यावर येता कामा नये.

कारभाराचं काय? 2023 मध्ये गुजरातने सार्वजनिक विद्यापीठ कायदा केला. राज्यातली 11 विद्यापीठं एका कायद्याखाली आली. आमच्या विद्यापीठाचा 1949 चा स्वतंत्र कायदा गेला, सिनेट आणि सिंडिकेट गेली, त्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. निवडून येणारे प्रतिनिधी संपले. जुन्या सिनेटबद्दल मला हळवं व्हायचं नाही. नोंदणीकृत पदवीधरांच्या निवडणुकीत गटबाजी कशी चालायची, दांडिया बाजारातल्या कोणत्या ओट्यावर मतांचे हिशेब व्हायचे, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेट असतानाच 2007 घडलं. तरी तिथे निदान कोणी उभं राहून प्रश्न विचारू शकत होतं आणि तो दुसऱ्या दिवशी पेपरात येत होता. आता प्रश्न विचारायची जागाच काढून टाकली आहे. 2025 च्या जानेवारीत कुलगुरूंना मुदत संपण्याआधी राजीनामा द्यावा लागला, त्यांच्या पात्रतेवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं म्हणून. न्यायालयात गेलेली व्यक्ती विद्यापीठातलीच एक प्राध्यापक होती. हंगामी सहायकाने हे केलं असतं का, हे आता पुन्हा विचारत नाही.

सर्वात गंभीर आक्षेप राहिला आहे. कायम झाले की लोक झोपतात. अकरा ते चार यायचं, चहा घ्यायचा, स्वतःचा ब्रश पंधरा वर्षांपूर्वी वाळून गेलेला, ज्युरीत मात्र मुलांना "यात तुझं स्वतःचं काय आहे?" विचारायचं. अशी माणसं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. हा आक्षेप उडवून लावणारा माणूस कलाशाळेच्या आत कधी गेलेला नाही. पण याचा इलाज दरवर्षी भीती घालणं हा कसा असेल? भीतीने काम वाढत नाही, होकार वाढतो. इलाज म्हणजे कामाची उघड तपासणी. प्रत्येक कायम शिक्षकाने दर पाच वर्षांनी स्वतःचं काम फॅकल्टीच्याच गॅलरीत लावावं, बाहेरून आलेल्या तीन-चार कलावंतांनी ते बघून लेखी अभिप्राय द्यावा आणि तो विद्यार्थ्यांना वाचायला मिळावा. विद्यार्थ्याची जशी ज्युरी तशी शिक्षकाची. इतिहासवाल्यांनी लेखन मांडावं, संग्रहालयशास्त्रवाल्यांनी केलेली मांडणी दाखवावी. पदोन्नती त्या अभिप्रायावर, जर्नलच्या मोजदादीवर नाही. झोपलेल्यांना जागं करायला एवढं पुरे होईल. चित्रकाराला बदलीच्या ऑर्डरपेक्षा रिकाम्या भिंतीची लाज जास्त वाटते.

नेमणूकही अशीच व्हावी. वीस मिनिटांची मुलाखत बंद करा, उमेदवाराला आठवडाभर स्टुडिओत बसवा. मुलांसमोर एक प्लेट करून दाखवू दे, एक ज्युरी घेऊ दे. सहायकांच्या जागा अध्यापकांच्या जागांबरोबरच भराव्या लागतील, त्याशिवाय प्रेस चालणार नाही. प्रभारी डीन सहा महिन्यांवर नको, ज्येष्ठांनी पाळीपाळीने तीन-तीन वर्षं ते काम करावं, म्हणजे आज साहेब असलेला उद्या पुन्हा वर्गात असेल आणि जरा जपून वागेल. आणि डिस्प्लेबद्दल लेखी नियम हवा, फॅकल्टीने स्वतः केलेला: परीक्षकांचं काम होईपर्यंत परीक्षेच्या मांडणीतलं काहीही कोणाच्याही सांगण्यावरून हलवायचं नाही, आणि त्यानंतर हलवायचंच झालं तर कारण लिहून, सही करून. ही सही फार महत्त्वाची. तोंडी निरोपावर कुंड्या ठेवल्या जातात. सही करायची म्हटलं की बरेच जण विचार करतात.

पैशाचं कारण पुढे येईल. येऊ दे. मंजूर जागेचा पगार मंजूरच असतो. ती रिकामी ठेवून वाचवलेला पैसा ही बचत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ताडपत्रीखालच्या प्रेसची किंमत काढून बघावी.

आता आपल्याबद्दल, म्हणजे बडोद्यातल्या मराठी मंडळींबद्दल. गणेशोत्सवात मूर्तीच्या मातीची चर्चा आपण तासन्‌तास करतो. तांबेकर वाड्यातली भिंतीचित्रं पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. बेंद्रे आपले म्हणून सांगतो. वर्षातून दोनदा आपली मंडळं विद्यापीठातल्या कोणाला तरी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि महाराजांवर भाषण ऐकतात. पुढच्या वेळी शाल पांघरल्यावर त्यांना तीन प्रश्न विचारा: फाइन आर्ट्समध्ये मंजूर जागा किती, त्यातल्या कायम भरलेल्या किती, आणि 11 महिन्यांवर असलेल्यांपैकी सर्वात जुना माणूस किती वर्षांपासून अकराच महिन्यांचा आहे? भाषणात उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. शिक्षक तो अर्ज टाकू शकणार नाहीत, त्यांची जूनमध्ये मुलाखत आहे.